आधी पत्र्याखालची हलगी

हा मजकूर छपाईला जाण्यापूर्वी हाती आलेली ताजी बातमी अशी, की दिगंबरअण्णा लोखंडे यांनी काल दुपारी आपल्या कीबोर्डवरचं कापड काढलं. अण्णांच्या पत्नी सुमनवहिनी यांनी फोनवर याला दुजोरा दिला. वाजवला का, असं मी विचारलं. "न्हाय," त्या म्हणाल्या, "फडकं घेऊन पट्ट्या पुसत बसलेत. मी काय बोलले न्हाय."

साठीनिमित्तच्या ग्रंथातला लेख अशा बातमीनं सुरू करू नये, हे मला कळतं. पण सारा जन्म जिल्ह्याच्या बातम्या लिहिण्यात गेला आणि महत्त्वाचं असेल ते आधी लिहायची सवय आता मोडत नाही. या घडीला अण्णांच्या बाबतीत याहून महत्त्वाचं दुसरं काही नाही. ते पुन्हा वाजवणार की नाही, हे अजून ठरायचं आहे. ते ठरेपर्यंत शाल, हार आणि मानपत्र यांची तयारी करणारे आम्ही सगळे थोडे ओशाळलेलेच आहोत.

ज्यांना अण्णा ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अण्णा तेरला राहतात. लग्नाच्या बँडमध्ये, वाद्यवृंदात, गोंधळाच्या आणि भजनाच्या पार्ट्यांमध्ये त्यांनी उभ्या आयुष्यात कीबोर्ड वाजवला. वाजवणारे इतरही बरेच आहेत. अण्णांचं नाव झालं ते दुसऱ्या कामामुळं. कीबोर्ड विकत घेतला की त्यात कारखान्यानं भरलेले आवाज असतात. पियानो असतो, व्हायोलिन असतं, कुठल्या कुठल्या देशांतले ढोल असतात. आपल्याकडच्या वरातीत आणि जागरणात त्यांचा उपयोग काय? इथं हलगी लागते, संबळ लागतो, चौंडकं आणि सनई लागते. हे आवाज वाजवणाऱ्याकडे जाऊन टिपायचे, कापायचे, पट्टीपट्टीवर बसवायचे आणि कीबोर्डच्या रिकाम्या कप्प्यांत भरायचे. अशा एका आवाजाला वाजवणारे टोन म्हणतात आणि कप्प्यांच्या एका गठ्ठ्याला बँक. आपल्या जिल्ह्यात, आणि जिल्ह्याबाहेरही, ज्या कीबोर्डमधून मातीतला आवाज येतो, तो बहुतेक करून अण्णांच्या पुढच्या खोलीतून गेलेला असतो.

माझी त्यांची पहिली ओळख येरमाळ्याच्या यात्रेतली. मी तेव्हा एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो आणि आवाज बरा म्हणून सुट्टीच्या दिवशी वाद्यवृंदात निवेदन करायचो. त्या काळच्या कीबोर्डची गोम अशी होती, की बाहेरून भरलेले आवाज वीज असेपर्यंतच टिकत. वीज गेली की पाटी कोरी. मग फ्लॉप्या एकेक करून घालायच्या आणि पुन्हा सगळं भरायचं. त्या संध्याकाळी दुसऱ्याच गाण्याला जनरेटर बसला. तो सुरू झाला तेव्हा दिवे आले, माईक आला, पण कीबोर्ड मुका झाला होता. समोर मोठी गर्दी होती आणि कडेची माणसं उठायला लागली होती. माझी एवढ्या मोठ्या मंचावरची ती पहिलीच वेळ.  किती वेळ लागेल, असं मी कीबोर्डवाल्यांना हळूच विचारलं. त्यांनी कीबोर्डच्या पडद्यावरची नजर काढली नाही.

"तुमी बोलत ऱ्हावा," ते म्हणाले. "हलगी आली की मी हात वर करतो."

मी काय बोललो ते आठवत नाही. थोड्या वेळानं त्यांचा हात वर गेला. संबळ, सनई, बासरी यातलं काहीच अजून भरलं नव्हतं. त्यांनी एकट्या हलगीवर ठेका धरला. उठलेली माणसं उभ्या उभ्या थांबली, मग खाली बसली. नंतर थोडी हलगी, थोडं माझं बोलणं आणि पुढची फ्लॉपी, असं करत कार्यक्रम मार्गी लागला. गायक मात्र रुसले होते. सनई आधी भरली असती तर गाणं लगेच सुरू झालं असतं, असं त्यांचं म्हणणं. परतताना टेम्पोत मी अण्णांना तेच विचारलं. ते म्हणाले, "सनईला माणूस कान देतो. हलगी लागली की माणूस जायाचं इसरतो. आधी माणसं जाग्यावर ऱ्हाऊ द्या. गाणं काय, मागनं येतंच."

ही हलगी सास्तूरची. अण्णांचे मामा ग्यानबा, त्यांच्या हातची. आमच्याकडे काळ भूकंपाच्या आधीचा आणि नंतरचा असा सांगतात, त्यातल्या नंतरच्या काळात मामा पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. अण्णांनी तिथं कॅसेटवर ती हलगी टिपली आणि पुढं योग्य यंत्र हाती आल्यावर कीबोर्डमध्ये भरली. कॅसेटला नंतर बुरशी लागली. राहिली ती कीबोर्डमधलीच. त्या आवाजाला थापेमागून पत्र्याचा एक बारीक झणकारा येतो. पुण्याच्या स्टुडिओतले एक ओळखीचे गृहस्थ तेरला आले असताना तो दोष काढून देतो म्हणाले. अण्णांनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, "मामा तवा पत्र्यातच ऱ्हात हुते. मग आवाज कुठनं येणार, बंगल्यातनं?"

अण्णांच्या कामाची एक रीत होती आणि ती त्यांनी कधी मोडली नाही. बँक घ्यायला येणाऱ्यानं आपल्या गावातला एक आवाज घेऊन यायचा. तो टिपून आणा नाहीतर वाजवणाऱ्यालाच सोबत आणा, पण रिकाम्या हातानं यायचं नाही. पडद्यावर मोजकीच इंग्रजी अक्षरं बसतात. त्या अक्षरांत अण्णा वाद्याचं नाव न घालता माणसाचं घालत. त्यामुळं त्यांच्या कीबोर्डचा पडदा वर-खाली सरकवला की गावोगावची माणसं भेटत.

कळंब तालुक्यातले बब्रुवान शिंदे बँडचे मालक होते. लग्नसराई तोंडावर आली असताना ते घाईघाईत आले. आमच्या गावात वाद्यच नाही, एक होता तो डफ फुटला, असं त्यांचं म्हणणं. अण्णांनी त्यांना परत पाठवलं. जे वाजतं ते आणा, म्हणाले. बब्रुवान वैतागले आणि गावातल्या डिझेलवरच्या पिठाच्या गिरणीची पुक-पुक टिपून घेऊन आले. त्यांना अण्णांची खोड काढायची होती. अण्णांनी ती पुक-पुक दोन वेळा ऐकली आणि ढोलकीच्या खाली ठेक्यासाठी बसवली. पुढं त्याच गावात गिरणीवाल्याच्या मुलीचं लग्न लागलं. बँड वाजायला लागला आणि गिरणीवाले पाहुण्यांमधून उठून बघायला गेले, गिरणी चालू कुणी केली म्हणून. बब्रुवान हा किस्सा अजून सांगतात. आता ती गिरणी विजेवर चालते आणि जुनी पुक-पुक बँकेतच उरली होती.

अण्णांनी माणसं कशी सांभाळली, हे सांगायचं तर कादरभाईंबद्दल लिहावं लागेल. अण्णा ज्या बँडमध्ये वाजवत, त्याच बँडमध्ये कादरभाई क्लॅरिनेट वाजवायचे. तेरच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. अण्णांची आणि त्यांची जोडी इतकी जुनी, की एकाला सुपारी दिली की दुसरा गृहीत धरलेला असायचा. पुढं कादरभाईंना छातीचा आजार जडला. चढ चढताना ते थांबायचे, मग सपाटीवरही थांबायला लागले. डॉक्टरांनी त्यांना फुंकणं बंद करायला सांगितलं. बँडच्या गणवेशाची घडी घालून ते अण्णांकडे परत द्यायला आले, तेव्हा मी तिथं बसलेलो होतो.

"अण्णा, बोटं शाबूत हैत," ते म्हणाले, "दम सरला."

"मग बोटंच वाजवा," अण्णा म्हणाले.

त्यानंतर कित्येक दुपारी अण्णांच्या पुढच्या खोलीत एकच उद्योग चालला. कादरभाईंनी क्लॅरिनेटवर एक सूर लावायचा. एकच. मग टेकायचं, चहा घ्यायचा, दम परत आला की पुढचा सूर. पंखा बंद, खिडकी बंद, बाहेर सुमनवहिनींनी भांडी वाजवायची नाहीत. कादरभाईंची थट्टा चालूच असायची. इतकं सावकाश तर शिकतानासुद्धा वाजवलं नव्हतं, म्हणायचे. छातीचं दुखणं राहू द्या, या घरचा चहाच माझा जीव घेणार, असंही म्हणायचे. खालच्या सुरापासून वरच्यापर्यंत सगळे सूर असे गोळा झाले. अण्णांनी ते एका बँकेत बसवले आणि जुना कीबोर्ड दुरुस्त करून कादरभाईंच्या पुढं ठेवला. पुढच्या मोसमात कादरभाई गणवेश घालून खुर्चीत बसले आणि आपल्याच फुंकेचे सूर बोटांनी वाजवायला लागले. लोकांना वाटलं, म्हातारपणी नवी विद्या शिकले.

त्यांनी अण्णांना एक अट घातली होती. ही बँक कुणाला द्यायची नाही. "माझा सूर दुसऱ्याच्या बोटानं वाजला, तर मी कुठं जाऊ?" असं ते म्हणाले होते. अण्णांनी शब्द दिला. अण्णांकडून बँक नेणाऱ्या प्रत्येकाला सगळं मिळालं, हे एक सोडून. काही वर्षांपूर्वी कादरभाई गेले. त्यांचा कीबोर्ड मोडीत निघाला. त्यांची बँक अण्णांनी आपल्या कीबोर्डमध्ये शेवटच्या कप्प्यात ठेवली. कार्यक्रमात ती त्यांनी कधी वाजवली नाही. सकाळी कीबोर्ड लावला की सगळे टोन तपासताना तिथला एक सूर दाबायचे, ऐकायचे आणि पुढच्या कामाला लागायचे.

गेली काही वर्षं अण्णा थकले आहेत. हे लपवण्यात अर्थ नाही. लग्नात आता गाडीभर भोंगे येतात, वाजवणारं कुणी लागत नाही. येणारे लोक आवाज घेऊन येत नाहीत, मोबाइल पुढं करून असाच टोन पाहिजे म्हणतात. अण्णांचा एक कान कमी झाला आहे. तरी फोन थांबत नाहीत. जेवायला बसावं आणि कुठूनतरी फोन यावा, "अण्णा, टोन उडाले." आमच्याकडे भरलेले आवाज पुसले गेले की ते उडाले म्हणतात. अण्णांचा पहिला प्रश्न ठरलेला, "बंद केलंस का चालू हाय?" आणि दुसरं वाक्यही ठरलेलं, "हात लावू नगंस. मी सांगतो तसं कर." ताट तसंच ठेवून ते समोरच्याला एकेक बटण सांगत राहायचे. एकदा मी म्हणालो, थोडा वेळ फोन बंद ठेवा. ते म्हणाले, "त्याचा मांडव उभा हाय. माझी भाकर निवली तर निवली." हे म्हणतानाही त्यांचा आवाज दमलेलाच होता. त्यांची सेवा अशी दमलेली होती, तरी थांबलेली मात्र मी पाहिली नाही.

एक गोष्ट ते सगळ्यांना बजावून सांगत. नंतरच्या कीबोर्डमध्ये भरलेलं वीज गेली तरी टिकतं, पण बँक घेताना तो 'लोड' विचारतो तेव्हा नीट वाचायचं. एकेक टोन भरता येतो आणि सगळं एकदम भरता येतं. सगळं एकदम भरलं की आधीचं सगळं जातं. भरतीवर भरती होत नाही, आधीचं पुसून नवं येतं. हे माहीत असूनही जिल्ह्यातल्या जवळजवळ प्रत्येक वाजवणाऱ्यानं ही चूक कधी ना कधी केलेली आहे. घाईत बोट 'सगळं' वर पडतं.

या गौरवग्रंथाच्या तयारीत असताना तीच चूक झाली. ज्यांच्या हातून झाली ते संतोष गायकवाड हे अण्णांचे सर्वांत जुने शिष्य आणि आमच्या सत्कार समितीचे चिटणीस. त्यांचं नाव लिहू का, असं मी त्यांना विचारलं होतं. "लिहा," ते म्हणाले, "न्हाय लिहिलं तरी समद्यांला म्हाईत हाय."

संतोष यांची कल्पना चांगली होती. अण्णांनी आयुष्यभर प्रत्येकाकडून गावचा एक आवाज मागितला. साठीला सगळ्या शिष्यांनी मिळून त्यांना आवाजच द्यायचे, एकेकाचा एकेक, नवे. संतोष यांनी ते गोळा केले, बँक बांधली. अण्णा आणि सुमनवहिनी कान दाखवायला धाराशिवला गेले, त्या दिवशी घराची किल्ली संतोष यांच्याकडे होती. कीबोर्डमध्ये घालायला पेनड्राइव्ह हवा होता. फळीवर एक होता. लॅपटॉपवर उघडून पाहिला तर त्यात गाणी दिसेनात, अनोळखी नावांचं काहीतरी दिसलं, म्हणून बिनकामाचा समजून त्यांनी तो पुसला आणि त्यात भेटीची बँक घेतली. ती अनोळखी नावं म्हणजे अण्णांच्या सगळ्या बँकांची एकुलती एक प्रत होती. मग कीबोर्ड लावला, आणि बोट 'सगळं' वर पडलं.

अण्णा संध्याकाळी परत आले तेव्हा संतोष पेढे घेऊन उभे होते. मीही होतो, दोन शिष्य होते. वाजवा म्हणून आग्रह झाला. अण्णा खुर्चीत बसले आणि सवयीनं हलगीच्या पट्टीवर बोट ठेवलं. कुणाच्यातरी गावचा नवा ढोल वाजला. त्यांना गंमत वाटली. त्यांनी दुसरी बँक लावली, तिसरी लावली. मग पडदा खाली सरकवत शेवटच्या कप्प्यापर्यंत गेले. तिथं थांबले.

"आधीचं कुठं ठेवलंस?" त्यांनी विचारलं.

पेनड्राइव्हवर असेल की, असं संतोष म्हणाले. अण्णांनी कुठल्या पेनड्राइव्हवर असं विचारलं आणि संतोष यांनी कीबोर्डला लावलेल्या पेनड्राइव्हकडे बोट केलं. त्यानंतर कुणाला काही सांगायची गरज उरली नाही.

अण्णा रागावले नाहीत. त्यांनी पुढं जे केलं ते मी विसरणार नाही. भेटीच्या बँकेतला प्रत्येक आवाज त्यांनी क्रमानं वाजवला आणि प्रत्येक वेळी हा कुणाचा, कुठल्या गावचा, असं विचारलं. दोन्ही शिष्य उत्तरं देत होते. सगळे ऐकून झाल्यावर अण्णा चांगले आहेत म्हणाले, कीबोर्ड बंद केला आणि त्यावर कापड टाकलं. पेढा मात्र घेतला नाही, गोळी घ्यायची आहे म्हणाले.

दुसऱ्या दिवशीपासून संतोष रोज येऊन अंगणाबाहेर मोटारसायकलवर बसायचे. आत यायचे नाहीत. शेवटी अण्णांनीच हाक मारली. "आत ये की. तिथं बसून काय टोन भरणार हायेस?" चहा दिला आणि सांगितलं, की तरुणपणी आपल्याकडूनही हेच झालं होतं आणि तेव्हा चहासुद्धा मिळाला नव्हता. समितीतल्या काहींचं मत संतोष यांना चिटणीसपदावरून बाजूला करावं असं पडलं. अण्णांच्या कानावर ते गेलं. "त्याचं नाव काढलं तर माझंबी काढा," असा निरोप आला आणि तो विषय संपला.

पण पुन्हा भरायचं म्हटलं की अण्णा नकार द्यायचे. बँका शिष्यांकडे आहेत, परत गोळा करू, असं आम्ही म्हणालो. मोबाइलवर आता हवा तो आवाज तयार करून मिळतो, असं एकानं सुचवलं. "बनवा की," अण्णा म्हणाले, "मला कशाला इचारायलाव?" लग्नांच्या जुन्या चित्रफितींतून कादरभाईंचं क्लॅरिनेट कापून काढू, असं संतोष म्हणाले, तर अण्णांनी मान हलवली. त्यात फटाके आहेत, बाकीचा बँड आहे. "बाकीचं समदं यील," ते म्हणाले. "कादरभाई कुठनं आणताव? शब्द दिला हुता म्हणून कुणाला दिला न्हाय. दिला असता तर आज असता." मग म्हणाले, "लई भरलं आजवर. आता न्हाय भरायचं." तो दिवस आणि नंतरचे बरेच दिवस ते कीबोर्ड ठेवलेल्या खोलीत बसले नाहीत.

संतोष मात्र थांबले नाहीत. त्यांनी सगळ्यांना फोन लावले. कळलं ते असं, की बँका आहेत, पण कुणाच्याच जशाच्या तशा नाहीत. कुणी हलगीला घुमारा चढवला आहे, कुणी झणकारा काढून ती साफ केली आहे, एकानं तर मामांचं नाव खोडून आपलं घातलं आहे. आपल्या हाती आलेली वस्तू तशीच ठेवणं आम्हाला कठीण जातं. बब्रुवान शिंदे यांचा फोन लागत नव्हता म्हणून संतोष त्यांच्या गावी गेले. बँड कधीच बंद झाला आहे. कीबोर्ड पोत्यात गुंडाळून बाजेखाली ठेवलेला होता. बब्रुवानांना त्यात काही बदलायचं कसं हेच कधी आलं नाही, त्यामुळं अण्णांनी भरून दिलं तसंच ते राहिलं होतं. फक्त कीबोर्ड लागतो का, हा प्रश्न होता.

तो लागला. संतोष यांनी तिथून अण्णांना फोन लावला आणि मोबाइल स्पीकरपाशी धरला. मी त्या वेळी तेरला अण्णांच्या समोर होतो. फोनमधून बब्रुवानांचा आवाज आला, "अण्णा, आयका, गिरणी चालू करतो." पुक-पुक आली. अण्णा किंचित हसले. मग हलगी आली. अण्णांनी फोन चांगल्या कानाला लावला, डोळे मिटले आणि बराच वेळ ऐकत राहिले.

"पत्रा हाय," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मला वाटलं, आता भरतील. पण त्या दिवशीही त्यांनी कापडाला हात लावला नाही. हलगी मिळाली, तरी कादरभाईंचा शेवटचा कप्पा रिकामाच होता.

परवा बिल्किसभाभी आल्या. कादरभाईंच्या पत्नी. घडलेलं त्यांना उशिरा कळलं, लेकीकडे गेल्या होत्या. त्यांना काय आणि कसं सांगावं, या विचारानं अण्णा इतके दिवस त्या गल्लीतून जात नव्हते, हे आम्हाला तेव्हा समजलं. सुमनवहिनींनी मला सांगितलं ते असं, की भाभी दारातच खाली बसल्या, पाणी प्यायल्या आणि अण्णांनी बोलायला सुरुवात केली तर त्यांना हातानं थांबवलं.

"अण्णा, ते गेले तवा तिसऱ्या दिवशी लग्नाची तारीख हुती. तुमी वाजवून आलाव. मला तवा राग आला हुता," त्या म्हणाल्या. "माणूस गेला तरी तुमी थांबला न्हाईत. आता नुसता सूर गेला, तर थांबताव व्हय?"

 भाभींनी मग लेकीकडच्या गोष्टी काढल्या, सुमनवहिनींनी ज्वारीची भाकरी केली, जेवणं झाली. निघताना भाभी आणखी एक बोलल्या. "दम सरल्यावरबी तुमी त्यांला वाजवायला लावलं. आता निजू द्या त्यांला." त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, म्हणजे काल, अण्णांनी कापड काढलं.

येत्या रविवारी सत्काराचा कार्यक्रम आहे. त्याआधी सकाळी, तेरला अण्णांच्या घरापुढच्या मांडवात, ज्यांनी ज्यांनी त्यांच्याकडून बँका नेल्या ते आपापले कीबोर्ड घेऊन येणार आहेत. प्रत्येकानं आवाज वाजवून दाखवायचा आणि अण्णांनी हो किंवा नाही एवढंच म्हणायचं, असं ठरलं आहे. कुणाला किती आठवतं आणि कुणी काय काय बिघडवून ठेवलं आहे, हे त्या दिवशी दिसेल. दिवस मोठा जाणार आहे. एवढं सगळं ऐकून निवडायचं आणि पुन्हा एकेक करून भरायचं म्हणजे एका रविवारचं काम नाही. त्याला बरेच महिने लागतील आणि त्यानंतर ते वाजवायलाही माणूस हवा. तेवढं आयुष्य अण्णांना लाभावं, त्यांचा चांगला कान चांगला राहावा, दुसऱ्यानंही थोडी साथ द्यावी, आणि जेवताना कुणाचा फोन येऊ नये, एवढंच आम्हा सगळ्यांचं मागणं आहे. शेवटचं मागणं पूर्ण होईल अशी आशा नाही.

हा लेख इथं संपवून पाठवणार, तेवढ्यात सुमनवहिनींचा पुन्हा फोन आला. अण्णांनी समितीला निरोप दिला होता आणि तो शब्दशः सांगायला बजावलं होतं. बब्रुवानांना रविवारी लवकरच्या एसटीनं बोलवा आणि पहिलं त्यांना बसवा, मग बाकीचे. भरायचं ते एकेक करून, सगळं एकदम कुणी भरायचं नाही आणि बटण संतोषच दाबेल. शेवटच्या कप्प्यासाठी कुणी काही आणू नये. तो तसाच राहील.